पान नंबर कापणाऱ्या आपा

आपांच्या कपाटातल्या एकाही पुस्तकाला पान नंबर नव्हता. छापताना होता, तो त्यांनी नंतर कापून टाकलेला असे. कटिंग मशीनखाली पुस्तकाचा खालचा काठ सरकवायचा, दांडा ओढायचा, की नंबरांची बारीक पट्टी शेवयांसारखी खाली पडायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी जिन्यातच थांबले. आपांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"नंबर असला की माणूस वाचत न्हाई, बेटा. मोजत बसतो. किती झालं, किती ऱ्हायलं. तू जेवताना पोळ्या मोजतीस का?"

मी मोजायचे. पण ते सांगितलं नाही.

लातूरला गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली बाइंडिंगचं दुकान, मागे त्या राहायच्या, आणि वरची खोली भाड्याने माझ्याकडे. मी नांदेडची. लातूरला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी लागली म्हणून आले होते. आमचे डॉक्टर दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायचे आणि मी माझं शक्यतो बंद ठेवायचे. कोणी काही विचारलं की उत्तर आधी मनात तयार करायचं, तपासायचं, आणि तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी बोलायचो, पण मराठी वाचताना मला ओळीखाली बोट ठेवावं लागायचं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी मराठी वाचतच नसे.

आपांचे वडील बाइंडर, आजोबाही बाइंडर. निजामाच्या कचेरीतली दप्तरं आजोबांनी बांधली होती असं त्या सांगत. वडिलांची एक हाडाची पट्टी होती, कागदाची घडी दाबायला वापरतात तशी, हाताळून हाताळून दुधाळ झालेली. काम सुरू करताना त्या ती आधी कपाळाला लावायच्या. दुकानात कॉलेजचे प्रबंध यायचे, शाळांची रजिस्टरं, फाटलेल्या पोथ्या, कुराणाच्या प्रती. गिऱ्हाइकाच्या पुस्तकाचा नंबर त्यांनी कधी कापला नाही. गिऱ्हाइकाचं पान इकडचं तिकडे गेलं, असंही कधी झालं नाही. ही त्यांची इज्जत होती आणि ती त्या उघड बोलून दाखवायच्या.

"दर्ज्याच्या हातून बटण खाली-वर झालं तर सदरा तरी घालता येतो. जिल्दवाल्याच्या हातून पान खाली-वर झालं तर मेलेला माणूस लग्नाला येतो!"

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. एक दिवस ते खरं होईल असं त्यांना किंवा मला तेव्हा वाटलं नव्हतं.

पुस्तकांबद्दल त्या आजारी नातेवाइकांसारखं बोलायच्या. ह्याला कंबरदुखी हाय. ह्याला सर्दी झाली, उन्हात ठेव. माणसांबद्दल बोलताना मात्र बाइंडिंगची भाषा. गल्लीतल्या एका पुढाऱ्याबद्दल म्हणाल्या होत्या, "कव्हर लई भारी हाय. आत समदे कोरे कागद."

माझी निवड त्यांनी कानाने केली. एकदा भाडं द्यायला खाली गेले तर म्हणाल्या, "वरून चालायचा आवाज येत न्हाई तुझा, बोलायचा तर न्हाईच. पान उलटल्याचा तेवढा येतो. काय वाचून राहिलीस?"

मी हातातली इंग्रजी कादंबरी दाखवली. त्यांनी नाव पाहिलं नाही. पुस्तकाची पाठ वाकवली, कण्याला नाक लावलं आणि परत दिली.

"डिंकाची हाय. दुसऱ्या वाचनात पानं हातात येतील. उद्यापासून खाली बसत जा, मला चिठ्ठ्या वाचून दाखवायला माणूस पाहिजे. माझ्या हाताला कायम खळ असते."

चिठ्ठ्या म्हणजे पोस्टकार्डं. आपांचं एक फिरतं पुस्तक होतं. दुकानात काम घेऊन आलेल्या माणसाला त्या काम परत देताना विचारायच्या, "शेवटची किताब कोणती वाचली?" उत्तर आवडलं की त्या माणसाचा पत्ता घ्यायच्या आणि काही दिवसांनी त्याच्या घरी पोस्टाने पार्सल जायचं. वाचायचं, पुढच्याला पाठवायचं, आणि मत पोस्टकार्डावर लिहून आपांना टाकायचं. मत लिहिण्याआधी पुस्तक दोन रात्री उशाखाली ठेवायचं, असा नियम होता. फोनवर मत कळवायला सक्त मनाई. एकाने व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला होता, त्याचं नाव कटलं.

"वाचल्या वाचल्या आलेलं मत म्हणजे उचकी," आपा म्हणायच्या. "पाणी पी म्हणावं."

मी होते तेव्हा तीनच वाचक टिकून होते. उदगीरचे सर, जे प्रबंध बांधायला आले होते आणि कार्डावर मावत नाही म्हणून कडेकडेने गोल फिरत लिहायचे. भोकरजवळच्या एका खेड्यातल्या बाई, घरची शेती करणाऱ्या, माहेर लातूरचं. त्या सासूबाईंची पोथी बांधून घ्यायला आल्या होत्या. आणि हिमायतनगरचे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, ज्यांना आजवर एकही पुस्तक पटलेलं नव्हतं आणि तरी ज्यांचं कार्ड कधी चुकायचं नाही.

मला ती कार्डं दुकानात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी लागायची. पहिल्या दिवशी मी ओळीखाली बोट ठेवलं आणि कानापर्यंत लाल झाले. आपा खळ ढवळत म्हणाल्या, "बोट ठेव, ठेव. अक्षर पळून जातं कधी कधी."

ती कादंबरी रद्दीतून आली. मुळात परदेशी, तरुण मुलांसाठी लिहिलेली, तिचं मराठी केलेलं. नाव आणि लेखक असलेलं पान वाळवीने खाल्लं होतं आणि खालचा काठ ओलीने सडलेला. तो काठ आपांनी आनंदाने कापला. गोष्ट भिंतीच्या आतल्या एका शहराची. तिथे पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना सरकार ठरवून देतं, की यापुढे कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही. बाकीच्यांशी जन्मभर एक शब्द नाही. (मला ते पहिली काही पानं फारसं वाईट वाटलं नव्हतं.) गोष्टीतल्या मुलीला तिच्या सख्ख्या भावाशी बोलायची बंदी होते. मग दोघं अंगणातून एकमेकांना शिट्टी मारतात. पुढे भाऊ भिंतीवर चढतो, पडतो आणि मरतो. मुलगी एकटीच भिंतीपर्यंत पोचते, आणि शेवटच्या पानावर पलीकडून शिट्टी ऐकू येते. कोणाची, ते लेखक सांगत नाही.

पुस्तक जाडजूड होतं. एक वाचेपर्यंत बाकीचे ताटकळत बसतील म्हणून आपांनी त्याचे चार भाग केले आणि चारही वेगळे बांधले, उरलेल्या कापडांत. हिरवा, पिवळा, लाल, काळा.

"ह्यांच्यावर एक, दोन, तीन, चार लिहू का?" मी विचारलं.

"नंबर?" मी काही अभद्र बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोर खाल्लंस का न्हाई कधी? आधी हिरवं, मग पिवळं, मग लाल, वाळलं की काळं. लेकराला बी ठाऊक असतं."

भाग एकामागून एक निघाले. लातूरहून उदगीर, तिथून भोकर, तिथून हिमायतनगर. हिरव्या भागावरची कार्डं आली. कंडक्टरकाकांनी लिहिलं होतं, "शहराला एकच दरवाजा दाखवला आहे. आत जायचा आणि बाहेर यायचाही तोच. अशा ठिकाणी सकाळी दहा वाजता काय अवस्था होत असेल, याचा लेखकाने विचार केलेला दिसत नाही." भोकरच्या बाईंनी लिहिलं होतं, "गोष्ट चांगली हाय. पण त्या शहराला धान्य कोण पिकवून देतं? भिंतीच्या आत रान दिसत न्हाई. बाहेर हाय म्हणावं तर बाहेरच्यांशी बोलायला बंदी. मग भाव कसा ठरवतात?"

आपा इतक्या हसल्या की खळीचा ब्रश खाली पडला. "बघ! लेखकाच्या बापाला सुचलं नसतं!"

मग बरेच दिवस काही आलं नाही. उदगीरच्या सरांच्या घरी लग्न निघालं होतं. त्यांनी पिवळा भाग दाबून ठेवला, तोवर लालही जाऊन पोचला, आणि शेवटी दोन्ही एकाच पार्सलात भोकरला गेले.

भोकरचं कार्ड आलं तेव्हा दुपार होती. दुकानात एक पीएच.डी.वाले गृहस्थ प्रबंध न्यायला येऊन बसले होते. या वेळी कार्डं दोन होती, सुईदोऱ्याने एकत्र टाचलेली. मी बोट ठेवून वाचायला लागले.

"आपांना नमस्कार. उदगीरहून पिवळं आणि लाल संगट आलं. आमच्या रानात मिरची हिरवीची लाल होते, पिवळी पडलेली मी फेकून देते. म्हणून लाल आधी वाचलं. मी वाचते अन् सासूबाई ऐकतात, तुम्हाला ठाऊकच हाय. भाऊ भिंतीवरून पडून गेला, तिथं सासूबाई लई रडल्या. जेवण अर्ध्यावर आलं. म्हणल्या, पुढचं वाचू नको मला. पिवळं तसंच फडताळात पडून ऱ्हायलं. मग एक दिवस मीच उघडलं, अन् काय सांगू आपा, पहिल्याच पानावर भाऊ अंगणात उभा! शिट्टी मारून राहिला!"

माझं बोट थांबलं. आपांचा हातही थांबला होता.

"वाच," त्या म्हणाल्या.

"मी वरडले. सासूबाई गुडघे धरून चुलीपासून उठून आल्या. मेला नव्हताच! कसा आला ते लेखकानं सांगितलं न्हाई. पण परत आलेल्या माणसाला कसा आलास म्हणून विचारू नये, असं सासूबाई म्हणतात. त्यांनी गल्लीत साखर वाटली. लोक म्हणले, काय झालं आजी? तर म्हणल्या, पोरगं परत आलं. आता दोन्ही टाइम नीट जेवतात. लेखकाचं भलं होवो. काळं लवकर धाडा, त्यांना दम न्हाई. ता.क. धान्याचं अजून कळलं न्हाई."

पीएच.डी.वाले गृहस्थ सावकाश म्हणाले, "म्हणजे क्रम चुकला वाटतं."

"दुकान बंद हाय!" आपा ओरडल्या.

"अहो, माझा प्रबंध..."

"उद्या या! पानं बरोबर लागलीत का ते मला पुन्हा बघायचंय!"

ते गेल्यावर आपा स्टुलावर बसल्या. मी त्यांना कधी रिकाम्या हाताने बसलेलं पाहिलं नव्हतं.

"माझ्या हातून गेली किताब," त्या म्हणाल्या. "मेलेला माणूस लग्नाला आला बघ."

मला हसू येत होतं आणि हसायची वेळ नव्हती. काळा भाग उदगीरला पोचलेला होता. सरांनी वाचला की तो भोकरला जाणार. त्यात भाऊ कुठेच नाही. बहीण त्याच्या आठवणीने दोनदा रडते. आजी पुन्हा जेवण टाकणार हे उघड होतं. आणि त्याआधी खरं सांगावं तरी तेच होणार होतं.

"कार्ड घे," आपा म्हणाल्या. "लिही. क्रम चुकला, आधी पिवळं होतं, मग लाल. भाऊ गेला तो गेलाच. माफी असावी."

पत्ते आणि कार्डं त्यांच्या वतीने मीच लिहायचे. मी पेन हातात घेतलं. मनात उत्तर तयार करायला, तपासायला वेळच मिळाला नाही.

"मी नाही लिहिणार."

"काय म्हणालीस?"

"नाही लिहिणार. साखर वाटली त्यांनी, आपा."

"अन् माझी इज्जत? तिकडं एक बाई उलटी किताब वाचून राहिली, अन् तिच्यावर कापड माझ्या दुकानाचं!"

"तुम्ही लावलेलं पान कुठे हललं? चारही भाग आत बरोबर आहेत. आणि नंबर तुम्हीच कापले ना? कोणी मोजू नये म्हणून. नाही मोजलं त्यांनी."

एवढं सलग मी लातूरमध्ये कोणाशीच बोलले नव्हते. दवाखान्यातही नाही. आपा माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज नंतर आला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, खळीच्याच हाताने डोळे पुसले, आणि भुवईला खळ लागून ती वाळून उभी राहिली.

"तोंड हाय की गं तुला! मी समजत होते, नुसती पानं उलटती." मग गंभीर झाल्या. "पण काळं वाचल्यावर काय?"

कार्ड गेलं नाही. आपांनी ते कोरंच खिडकीत उभं करून ठेवलं आणि पोस्टमन आला की आधी त्याच्या हाताकडे बघायच्या. त्या दिवसांत त्यांनी त्या प्रबंधाची पानं तीनदा तपासली. शेवटी त्या गृहस्थांनी हात जोडले तेव्हा दिला.

उदगीरच्या सरांचं कार्ड आलं. गोल गोल फिरवत वाचलं, तर मधोमध एवढंच, "शेवट संदिग्ध ठेवून लेखकाने जबाबदारी टाळली आहे." काळा भाग भोकरला निघाला होता.

त्याच आठवड्यात कंडक्टरकाकांचं कार्ड आलं. भोकरच्या बाईंनी त्यांना पिवळा आणि लाल एकत्र बांधून पाठवले होते, आणि वर चिठ्ठी खोचली होती, आधी लाल. काकांनी लिहिलं होतं, "भाऊ मेला असे लेखक म्हणाला, तेव्हाच मला शंका आली होती. प्रेत कोणी पाहिले? पॅसेंजर उतरताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी त्याला कधी उतरला म्हटले नाही. पुढे तो जिवंत निघालाच. हे पहिले पुस्तक, ज्यात माझे बरोबर आले. पुस्तक चांगले आहे."

"पुस्तक चांगले आहे," आपांनी परत म्हणून पाहिलं. "हिमायतनगरवाल्याला पटलं?" त्यांनी ते कार्ड माझ्या हातातून घेतलं, त्याला खळीचे ठसे लागले तरी.

मग भोकरचं आलं. आपा दारातच उभ्या होत्या. मला जिन्यातून ओढून खाली आणलं.

"आपांना नमस्कार. काळं वाचलं. बहीण रडत होती तर सासूबाई तिच्यावर चिडल्या. म्हणल्या, येडी हाय, भाऊ आलाय हे हिला ठाऊकच न्हाई, बोलायची बंदी ना, कोण सांगणार? मग शेवटी पलीकडून शिट्टी आली. मी म्हणलं, कोणाची ते लिहिलं न्हाई. तर म्हणल्या, लिहायचं काय त्यात, त्याचीच की. तो आधीच पलीकडं गेला, म्हणून तर अंगणात दिसंना. सासूबाईंनी मला ते पान पुन्हा वाचायला लावलं, अन् मग त्यांनी स्वतः शिट्टी मारून बघितली. दात न्हाईत, आली न्हाई. किताब पुढं धाडायला त्या नको म्हणून ऱ्हायल्या. पण नियम हाय म्हणून धाडते."

खिडकीतलं कोरं कार्ड उचलून आपांनी माझ्यासमोर ठेवलं.

"आता तुझं. समद्यांची आली, तुझंच न्हाई."

मी ते वर नेलं. काळा भाग परत आल्यावर दोन रात्री उशाखाली ठेवला. मग लिहिलं, चार वेळा कच्चं करून. आयुष्यात मराठीत मत असं मी पहिल्यांदाच लिहीत होते. "मी बरोबर क्रमाने वाचलं. मला ते उदास वाटलं आणि शेवट कळला नाही. मला भोकरच्या क्रमाने वाचायचं आहे." आपा खालीच राहतात हे माहीत असून मी ते गोलाईजवळच्या टपालपेटीत टाकलं, कारण नियम होता. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने ते दुकानात दिलं आणि आपांनी ते मला सगळ्यांसमोर वाचायला लावलं.

फेरी संपली की त्या सगळे भाग एकत्र शिवायच्या, कार्डंही शेवटी बांधायच्या आणि पुस्तक कपाटात जायचं. ते त्यांनी तसंच केलं. हिरवा, पिवळा, लाल, काळा. "ही माझ्या घराण्याची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या फोनात मिळंल का गं अजून एक? नवी?"

नावाचं पान वाळवीने खाल्लेलं, म्हणून मी गोष्टच टाकून शोधली, आणि मिळाली. कुरियरवाला आला तेव्हा आपांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी ती नवी कोरी प्रत शिकंज्यात दाबली, नंबर कापले, "या वेळी तर कापायलाच पाहिजेत" असं म्हणाल्या, कव्हर सोडवलं आणि शिलाई उसवली. चार गड्ड्या केल्या. पहिली उचलली. मग तिसरी. तिसरी दुसरीच्या आधी लावताना त्यांचा हात थबकला, आणि त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून सुई ओढली. मिरचीच्या रंगाचं कापड शोधून ठेवलेलं होतंच. हे पुस्तक आजींच्या नावाने भोकरला जायचं होतं, परत न मागता.

घड्या दाबायची वेळ आली. वडिलांची हाडाची पट्टी समोर होती. आपांनी ती उचलली, कपाळाला लावली, आणि गल्ल्यात ठेवून कुलूप घातलं.

"अब्बांच्या पट्टीनं हे काम न्हाई करायचं," त्या हळूच म्हणाल्या. "वर जा अन् तुझा चमचा आण. धुऊन आण."

मी डब्यातला चमचा आणला. त्याच्या दांड्याने त्यांनी एकेक घडी दाबली, पुन्हा पुन्हा, आयुष्यातलं पहिलं चुकीचं पुस्तक इतकं घट्ट, की ते कितीदाही वाचलं तरी सुटणार नाही. शेवटी बोटाने पाठ ठोकून पाहिली.

"कंबर मजबूत हाय," म्हणाल्या, आणि चमचा मला परत दिला.

सकाळी मी त्याच चमच्याने पोहे खाल्ले. खळीचा वास येत होता. खाली आपा पोस्टमनला बजावत होत्या, की हे पार्सल उलटं धरलं तरी चालेल.